सोन्यावर उभे मळसूत्र

विजेरीत सेल एकाच दिशेने ओळीत घातले की त्यांचा विद्युतदाब एकत्र होतो. प्रथिनांच्या साखळीतही असेच काहीसे घडते. १९५१ साली पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या अल्फा मळसूत्राच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले असतात. त्यांना जोडणारा प्रत्येक पेप्टाइड बंध म्हणजे एक चिमुकला विद्युत द्विध्रुव. मळसूत्रात या सर्वांची तोंडे जवळपास एकाच दिशेला असतात. म्हणून अमिनो टोक धन आणि कार्बॉक्सिल टोक ऋण होते. (सेलप्रमाणे यातून प्रवाह मात्र मिळत नाही. उपमा तेवढ्यापुरतीच!)

आता मळसूत्राच्या एका टोकाला गंधक जोडू. गंधक सोन्याला घट्ट चिकटते, आणि सोन्याच्या पृष्ठभागावर हे रेणू आपणहून दाटीवाटीने, थोडे कलून उभे राहतात. धन टोक बाहेर असेल तर सोन्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला कमी ऊर्जा लागते. ऋण टोक बाहेर असेल तर जास्त. सोने तेच, मळसूत्रही तेच, फक्त उलटे उभे केले.

प्रथिने वीजरोधक, असे आपण वर्गात सांगतो. पण २००३ मध्ये मोरिता आणि किमुरा यांनी अशा थरात ४ नॅनोमीटरपलीकडे इलेक्ट्रॉन पोचतात असे दाखवले. एका उडीत एवढे अंतर कापणे अवघड. ते वाटेत थांबे घेत जातात.