करडांना जंताचे औषध

पावसाळ्याच्या आरंभी अंगणात टणाटण उड्या मारणारे करडू श्रावण सरता सरता मलूल होऊन कोपऱ्यात उभे राहते, हे खेड्यातील मुलांनी पाहिलेच असेल. त्याचे केस राठ होतात. कधी जबड्याखाली पाणी साचून सूजही येते. अशा वेळी 'दृष्ट लागली' असे म्हणून स्वस्थ बसणारी माणसे आढळतात. परंतु खरा शत्रू करडाच्या पोटातच दडलेला असतो.

हा शत्रू म्हणजे जंत होय. शेळ्यांच्या पोटात अनेक प्रकारचे जंत होतात. त्यांतील एक फार घातक जंत दोन-तीन सेंटिमीटर लांब व सुतासारखा बारीक असून तो पोटाच्या चौथ्या कप्प्याला चिकटून रक्त पितो. मादीचे रक्ताने भरलेले आतडे व पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पिळलेले असतात; त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोरीसारखी दिसते. ती दिवसाला हजारो अंडी घालते. ही अंडी लेंड्यांतून जमिनीवर पडतात. पावसाळ्याची ऊब व ओल मिळताच त्यांतून अळ्या निघतात आणि सुमारे आठवड्याभरात दवाच्या ओलाव्यातून गवताच्या पात्यांवर चढून बसतात. म्हणूनच जाणता गुराखी दव उडाल्यावाचून कळप रानात सोडत नाही. पोटात गेलेली अळी साधारणपणे तीन आठवड्यांत मोठी होते. नुसत्या दुधावरच्या करडाला हे भय थोडे. ते चरू लागले की संकट सुरू होते.

करडाची खालची पापणी हलकेच ओढून पाहावी. आतील भाग लाल असेल तर चिंता नाही. तो पांढुरका दिसला तर रक्त आटले आहे असे समजावे. ही पारख अचूक व्हावी म्हणून दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी पाच रंगांचा एक तक्ताच तयार केला आहे.

औषध कोणते, हे पशुवैद्यालाच विचारावे. ते किती द्यावे, हे मात्र करडाच्या वजनावर ठरते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. आठ किलोचे करडू नजरेने बारा किलोचे मानले, तर दीडपट औषध त्याच्या पोटात जाते. काही औषधांच्या बाबतीत ते जिवावर बेतते. उलट, बारा किलोच्या करडाला आठ किलोचे माप दिले, तर दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांच्या पिलावळीला पुढे ते औषध लागू पडत नाही. तेव्हा करडाला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. एवढे गणित तुम्हांलाही येते!

औषध पाजताना करडाचे तोंड आभाळाकडे करू नये. मान ताणली की गिळता येत नाही आणि औषध फुप्फुसांत शिरते. नाक डोळ्यांच्या वर जाऊ न देता, सुई काढलेली पिचकारी ओठांच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागील भागावर न्यावी व घोट घोट औषध सोडावे. करडू मध्येच ओरडू लागले तर हात थांबवावा. कारण ओरडताना श्वासनलिकेचे दार उघडे असते.