'परवा' म्हणजे नेमके कधी?

जवाहरनगर (जि. भंडारा) - आयुध निर्माणीच्या या वसाहतीतील कुणी संगणकाला 'परवाची बैठक काढ' असे सांगितले, तर काय होईल? मराठीत 'परवा' होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. 'काढणे' म्हणजे शोधून दाखवणे आणि पुसून टाकणेही. माणूस बोलण्याच्या ओघावरून अर्थ लावतो. वेळापत्रक सांभाळणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' मात्र कोणते साधन वापरायचे, हे मुख्यतः त्या साधनासोबतच्या लेखी वर्णनावरून ठरवतो. 'अँथ्रॉपिक'ने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या मानकातही अशा वर्णनाची सोय आहे.

त्यामुळे 'नोंद काढते' एवढेच लिहून भागत नाही. 'ठरलेली बैठक कायमची रद्द करते. केवळ पाहण्यासाठी वापरू नये. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार द्यावी. दिवस संदिग्ध असल्यास आधी विचारावे,' असे वर्णन हवे. क्रम सांगणे गरजेचेच. कारण ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेत ६ मे.

भलतीच बैठक पुसली गेली, तर बोलावलेली माणसे ताटकळतात. दोन वाक्ये अधिक लिहिल्यास हा घोटाळा बराचसा टळू शकतो.