बीजांडांतील तळें

पावसाळ्यांत विहिरीच्या ओल्या कांठावर उगवलेलें नेच्याचें रोप जमिनीवर राहूनहि पाण्याला बांधलेलेंच असतें. त्याच्या पुंबीजाला स्त्रीबीजाकडे पोहत जावें लागतें. पाण्याचा पातळसा थर मिळाला नाहीं, तर वंश खुंटलाच. मग हिमालयाच्या कोरड्या उतरणींवर चिडाचीं म्हणजे पाइनचीं अरण्यें माजलीं तीं कशीं?

चिडानें पाण्याची वाट सोडून वाऱ्याची धरली. त्याच्या प्रत्येक परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. मादी शंकूच्या खवल्यांवर बीजांडें उघडींच असून त्यांच्या मुखाशीं रसाचा एक थेंब जमतो. मुख खालच्या बाजूस असतें. पिशव्यांमुळें पराग त्या थेंबांतून वर तरंगत आंत शिरतो. पाण्याशीं नातें तोडलें खरें, तरी एका थेंबापुरतें तें उरलेंच! पुढें परागांतून एक नळी निघते व ती पुंबीज थेट स्त्रीबीजापर्यंत पोंचविते. पोहण्याचें कारणच राहत नाहीं. काम मात्र सावकाशीचें : पराग पडल्यापासून फलनापर्यंत सुमारें एक वर्ष लोटतें.

नेच्याची रीत आणि चिडाची रीत यांमध्यें कांहीं दुवा असेल काय? तो टोकियोच्या कोइशिकावा वनस्पति-उद्यानांत सांपडला. साकुगोरो हिरासे हे विद्यापीठांत चित्रकार म्हणून लागले होते. पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. 1896 सालीं तेथील गिंको वृक्षाच्या बीजांडांत त्यांना पोहणारीं पुंबीजें दिसलीं. या वृक्षाचा पराग वसंतांत वाऱ्याबरोबर येतो, पण त्याची नळी मुख्यतः अन्न शोषण्याच्या कामीं येते. शरदाच्या तोंडाशीं ती फुटते आणि केसांसारख्या सुमारें हजार शेपट्या हालवीत पुंबीज स्त्रीबीजाकडे पोहत जातें, तें बीजांडांतच सांठलेल्या रसांतून. बाहेर पाऊस पडो वा न पडो, झाडानें आपलें तळें आपल्या पोटांत बाळगलेलें असतें. त्याच वर्षीं सेइइचिरो इकेनो यांना सायकस वृक्षांतहि हाच प्रकार आढळला.

एवढा मोठा शोध लावूनहि हिरासे यांनीं 1897 सालीं विद्यापीठ सोडलें व हिकोने येथील शाळेंत शिक्षकाची नोकरी धरली. 1912 सालीं जपानच्या राजकीय अकादमीचें पारितोषिक इकेनो यांच्या बरोबरीनें त्यांनाहि मिळालें. तो गिंको वृक्ष त्या उद्यानांत अजून उभा आहे.