गिअरबॉक्स उघडण्याआधी

लातूरहून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ अहमदपूर गाठण्याआधी चाकूरवरून जातो. तालुक्याचं गाव, सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र असलेलं. अशा गावच्या गॅरेजांचं गिऱ्हाईक ठरलेलं: ट्रॅक्टर, टमटम, काळी-पिवळी जीप. त्यात आता क्लचचं पेडल नसलेल्या गाड्यांची भर पडली आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुतीची सेलेरिओ आली, पाच लाखांच्या आत ऑटोमॅटिक गिअर मिळू लागला, आणि जी चैन मुंबई-पुण्याची समजली जायची ती तालुक्याच्या बाजारपेठेत येऊन उभी राहिली. गाडी आली तसा तिचा आजारही आला.

आजाराचं लक्षण एकच. सिग्नलला किंवा चढावर गाडी थांबते, समोरच्या पॅनेलवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, दांडी कुठेही न्या, गाडी न्यूट्रलमधून हलत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली की काहीच झालं नव्हतं अशी धावते. जमलेल्या चार जणांतला एक लगेच सांगून मोकळा होतो, ‘गिअरबॉक्स गेला.’ हे वाक्य फार महाग आहे. दातांची चाकं धडधाकट असतात आणि दुखणं एखाद्या वायरीत असतं, असं या गाड्यांत वारंवार घडतं.

कारण या स्वस्त ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स मुळात साधाच, हाताने बदलायचा. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. अनेक गाड्यांत विजेची छोटी मोटर तेलाचा दाब तयार करते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह तो दाब हवा तिकडे सोडतात, सेन्सर जागा सांगतात आणि हुकूम देतो एक कंट्रोल युनिट. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडताच बॉनेटखालून ‘घूं’ असा आवाज येतो, तो या मोटरचा. जाणता मेस्त्री दार उघडून आधी तोच ऐकतो. आवाज आलाच नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटरचा कपलर. नेहमीपेक्षा लांबला, तर दाब धरत नाही. मग तो कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे बघतो. ब्रेक दाबल्याची खबर कंट्रोल युनिटला मिळाली नाही तर ते गिअर टाकूच देत नाही, आणि पेडलजवळचा स्विच गिअरबॉक्सच्या तुलनेत मातीमोल किमतीचा असतो.

यानंतर स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो लावला की कोड दिसतो. पी०७०० हा त्यातला सर्वांत बदनाम. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरच्या कंट्रोल युनिटकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. खरी तक्रार त्या युनिटमध्ये शिरून वाचावी लागते. पी०७१५ आला तर आत येणाऱ्या शाफ्टचा वेग सांगणाऱ्या सेन्सरचं सर्किट, पी०५६२ आला तर व्होल्टेज कमी. ‘सर्किट’ हा शब्द लोक वाचतच नाहीत आणि सेन्सर बदलून मोकळे होतात. सर्किटात सेन्सर येतो, तशी वायर, कपलर आणि आर्थिंगही येतं.

खरी कसोटी इथून पुढे. मल्टिमीटर लावला, बारा व्होल्ट दाखवले, म्हणजे करंट येतोय असं मानणारा फसतो. लाइनच्या शेवटच्या खांबावर विहिरीची मोटर असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: मोटर बंद असताना व्होल्टेज भरपूर, बटण दाबलं की खाली. गाडीतही तसंच. गंजलेल्या आर्थिंगमुळे फक्त ०.१ ओहम रोध वाढला आणि मोटरने २० अँपिअर ओढले, की २ व्होल्ट वाटेतच गेले. ०.१ ओहम साध्या मीटरला धड मोजताही येत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. म्हणून मोजायचं ते मोटर चालू असताना. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मोटरच्या आर्थिंगवर. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, एक व्होल्ट दिसला तर बोल्ट सोडून खरवडा. त्याच वेळी वायरिंग हाताने हलवत राहायचं. आकडा उडाला की दुखरी जागा सापडली.

मीटर नसेल तर जुन्या इलेक्ट्रिशियनचा उपाय आहे, हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब. मोटरचा कपलर काढायचा आणि त्याच्या प्लस-मायनसवर बल्ब जोडायचा. तो साडेचार अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायर बरीचशी खरी, मिणमिणला तर एखादी तारच शिल्लक आहे. मला ही युक्ती महागड्या स्कॅनरपेक्षा प्रामाणिक वाटते. पण ती फक्त जाड, मोटरच्या वायरींवर. सेन्सरच्या बारीक वायरींना बल्ब लावला तर कंट्रोल युनिटच जळू शकतं, आणि मग गिअरबॉक्सच्या जोडीला तेही बदला.

करंट कमी पडतो कशाने? उंदीर, हे पहिलं उत्तर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी महिनाभर उभी राहिलेली गाडी त्यांना आयतं घर. दुसरं, प्रेशरच्या पाण्याने धुतलेलं इंजिन. कपलरच्या रबरातून पाणी शिरतं आणि पिन हिरवी पडते. तिसरं, थकलेली बॅटरी, तिचा तर कोणी विचारच करत नाही.

हे झालं स्वस्त ऑटोमॅटिकचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या मोठ्या गाड्यांत सोलेनॉइड गिअरबॉक्सच्या आत, तेलात बुडालेले असतात. तिथे कॉइलचा रोध बाहेरच्या कपलरवरून मोजता येतो आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडता येतो. मात्र थंड असताना बरोबर भरणारी कॉइल गरम झाल्यावर तुटते, तेव्हा गाडी तापवून, बिघाड समोर असतानाच मोजायला हवं. रस्त्याकडेच्या गॅरेजची हद्द इथे जवळ येते, हेही मान्य करावं. स्वस्त ऑटोमॅटिकमध्येही क्लच किंवा अ‍ॅक्च्युएटर (म्हणजे माणसाऐवजी गिअर टाकणारी ती यंत्रणा) बदलल्यावर त्याची ओळख कंट्रोल युनिटला स्कॅनरवरून पुन्हा शिकवावी लागते, आणि प्रत्येक कंपनीचं ते सॉफ्टवेअर छोट्या गावात मिळेलच असं नाही.

तरीही गाडी टोचन करून लातूरला न्यायच्या आधी, आणि गिअरबॉक्सच्या खर्चाच्या कागदावर सही करायच्या आधी, मेस्त्रीकडून तीन गोष्टी लिहून मागा: इंजिन सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज किती उतरलं, मोटर चालू असताना आर्थिंगवर किती व्होल्ट पडले, आणि नेमका कोड कोणता. हे तिन्ही आकडे जो देऊ शकत नाही, त्याला गिअरबॉक्स उघडू देऊ नका.