बट्टा कुणाला बसतो?

इतवारीच्या सराफ्यात आज आपण सोनं-चांदी घ्यायला जातो. पण ‘सराफ’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ दागिने विकणारा असा नाही. नाणी पारखून बदलून देणारा, तो सराफ. आता नाण्याची पारख करायची गरजच का पडत होती? पैशाचा इतिहास समजून घ्यायला आपण इथून सुरुवात करू.

भोसल्यांच्या काळात नागपूरला स्वतःची टांकसाळ होती. राज्य भोसल्यांचं, रुपया नागपूरचा, पण शिक्क्यावर नाव मोगल बादशहाचं. कारण लोकांच्या ओळखीचा शिक्का तो होता. शेजारच्या मुलखात दुसराच रुपया चाले. चांदीचा कस वेगळा, वजन वेगळं, वापरून झीज झालेली ती निराळीच. म्हणून परमुलखातला रुपया आला की सराफ तो वाजवून बघायचा, तोलायचा आणि काही रक्कम कापून घ्यायचा. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो, माणूस खणखणीत बोलतो, हे सगळं आपल्या भाषेत नाण्यांच्या व्यवहारातून आलं.

मोठ्या व्यापाऱ्याकडे हुंडी होती, स्वतःचा पारखी होता. बट्टा बसायचा तो मुख्यतः शेतकऱ्याला आणि मजुराला. हातात येईल ते नाणं त्याला घ्यावं लागे, आणि सारा भरताना मात्र मागतील तेच नाणं द्यावं लागे.

1835 साली कंपनी सरकारने एकाच वजनाचा, 180 ग्रेनचा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा रुपया काढला. तो यंत्रावर, म्हणजे ‘कलेवर’ पाडलेला, म्हणून ‘कलदार’. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि इथेही हळूहळू कलदार आला. मराठवाड्यात मात्र निजामाचा ‘हाली’ रुपया 1948 नंतरही काही वर्षं चालत होता. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ असे.

मग कलदार आल्यावर बट्टा संपला का? इथे आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे यावं लागतं. 1893 साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कुणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. आता रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर नाही, तर सरकारच्या निर्णयावर ठरू लागली. लंडनच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. बाकीचे लोक पौंडाशी विनिमयाचा दर किती, यावर भांडत होते. बाबासाहेबांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता: हा रुपया इथल्या बाजारात काय विकत घेतो? भाव चढले की मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे भाववाढीतला फायदा धंदेवाल्याचा आणि तोटा मजुराचा, हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

म्हणजे बघा, मजुराच्या हातातला रुपया तोच, पण त्यात ज्वारी कमी येते. कापून घेणारा सराफ समोर दिसत नाही, पण बट्टा बसतोच. त्यालाच आपण महागाई म्हणतो. रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली. तिचं नागपूरचं कार्यालय संविधान चौकात आपण रोज पाहतो. 2016 पासून तिच्यावर कायद्याने जबाबदारी आहे की महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर 2 टक्के वर-खाली, ठेवायची. पूर्वी सराफ एकेक नाणं पारखायचा. आता सगळ्या चलनाची राखण एका संस्थेकडे आहे. म्हणून तिच्या व्याजदराच्या बातमीचा संबंध आपल्या किराण्याशी असतो.

आणि जुन्या पद्धतीचा बट्टाही पुरता गेलेला नाही. फाटकी नोट बदलून देताना बाजारात पैसे कापतात. वास्तविक बँकेत ती फुकट बदलून मिळते. 20 रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण रक्कम मिळते. 50 आणि त्यावरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धी. 10 रुपयांच्या नाण्याचंही तसंच. तोपर्यंत निघालेले सगळे 14 नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं, तरी कुणी नाणं नाकारतं आणि भाजी विकणाऱ्या बाईकडे ती नाणी साचून राहतात. आपण ते नाणं घेतलं, तर तिचा तेवढा बट्टा वाचतो.