संकेतस्थळावरचे फीड : संयोग की समवाय?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी निरोप पाठवले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने दुकानाच्या संकेतस्थळात कशाला लक्ष घालावे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की आम्ही लक्ष घातले नाही, आम्हाला ते घालावे लागले.

गोष्ट अशी. आमची एक जुनी विद्यार्थिनी उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका चालवते. एम.ए.ला आमच्याकडे न्याय-वैशेषिक शिकली आणि पुढे झाडं विकायला लागली. या दोन्हींत काही विरोध आहे असं तिला वाटत नाही, आम्हालाही वाटत नाही. तिने रोपवाटिकेचं संकेतस्थळ करून घेतलं. त्याच्या पहिल्याच पानावर एक पट्टा होता, 'आमचे आनंदी ग्राहक' असा. त्यात एका समाजमाध्यमाचं फीड जोडलेलं होतं. रोपवाटिकेच्या नावाचा हॅशटॅग लावून कुणीही फोटो टाकला, की तो आपोआप त्या पट्ट्यात दिसणार. कुणाच्या बाल्कनीतली जास्वंद, कुणाच्या गच्चीवरचा कढीपत्ता. दोन महिने छान चाललं.

रोपवाटिकेचं नाव आम्ही सांगत नाही, पण महाराष्ट्रात शेकडो घरांच्या फाटकांवर सापडेल असं ते नाव आहे. आणि जूनमध्ये, ऐन विक्रीच्या दिवसांत, एका सकाळी त्या पट्ट्यात एका आजींचा फोटो आला. फोटोला हार घातलेला. खाली दशक्रिया विधीचा दिवस आणि वेळ. घराचं नाव तेच, म्हणून हॅशटॅगही तोच. आणि वर ठळक अक्षरांत : आमचे आनंदी ग्राहक.

तिचा फोन आला. म्हणाली, "सर, हा फोटो मला काढता येत नाहीये. माझ्या पानावर आहे, पण माझ्याकडे नाहीच आहे तो."

हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं. आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आहे.

आता बघा, 'एम्बेड करणे' याला मराठीत आपण 'जोडणे' म्हणतो, कधी 'बसवणे' म्हणतो. दागिन्यात खडा बसवावा तसं. तिथेच फसगत सुरू होते. खडा बसवला की तो दागिन्याचा होतो. फीडचं तसं होत नाही. प्रत्यक्षात घडतं ते असं : तुमच्या पानात दोन-चार ओळींचा कोड असतो. वाचक तुमचं पान उघडतो, त्याचा ब्राउझर तो कोड वाचतो, आणि तुमच्या सर्व्हरला न विचारता थेट त्या समाजमाध्यमाच्या सर्व्हरकडे जातो. तिथून चित्रं, मजकूर, बटणं आणतो आणि तुमच्या पानावरच्या ठरलेल्या चौकोनात मांडतो. दुसरा वाचक आला की पुन्हा तेच. तुमच्याकडे काहीच साठवलेलं नसतं. म्हणून काढायलाही काही नसतं. काढायची तर ती खिडकीच काढावी लागते.

वैशेषिकांनी संबंधांचे दोन प्रकार सांगितले, ते इथे फार उपयोगी पडतात. एक संयोग आणि दुसरा समवाय. हात आणि हातातलं पुस्तक यांचा संयोग असतो. दोघं वेगळे होते, जवळ आले, पुन्हा वेगळे होतील. संयोगाच्या पाठोपाठ विभाग येऊ शकतो, हे त्यात गृहीतच असतं. तंतू आणि पट, म्हणजे सूत आणि वस्त्र, यांचा समवाय. तिथे वस्त्र एकीकडे आणि सूत दुसरीकडे असं होऊच शकत नाही. एम्बेड केलेलं फीड डोळ्यांना समवायासारखं दिसतं. तीच पार्श्वभूमी, तोच रंग, पानाच्याच मापात बसवलेलं. असतो मात्र तो निखळ संयोग. मालक समवाय समजून निर्धास्त राहतो, वाचकही समवाय समजून विश्वास ठेवतो, आणि विभाग केव्हा व्हायचा ते ठरवतो तिसराच.

तो कसा ठरवतो याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांनी आपल्या संकेतस्थळावर टिकटॉकचे व्हिडिओ एम्बेड केले होते, त्यांच्या पानांना सरकारने हातही लावला नव्हता. तरी ते चौकोन निकामी झाले. दुसरं उदाहरण इन्स्टाग्रामचं. वैयक्तिक खात्यातला मजकूर बाहेरच्या संकेतस्थळांना देणारी त्यांची जुनी व्यवस्था ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. इथे प्रकार जरा वेगळा होता. अशा व्यवस्थेत संकेतस्थळाचाच सर्व्हर मजकूर मागवून आणतो आणि मग वाचकाला दाखवतो, वाचकाच्या ब्राउझरला तिकडे जावंच लागतं असं नाही. पण दार तिकडून बंद झालं की सर्व्हर तरी काय आणणार? ज्यांनी आपलं खातं व्यावसायिक प्रकारात बदलून नवी जोडणी केली, त्यांचं चालू राहिलं. बाकीच्यांच्या पानावर नवं काही येणं थांबलं.

हा झाला रिकाम्या चौकोनाचा धोका. तो निदान दिसतो तरी. आम्हाला जास्त अस्वस्थ केलं ते न दिसणाऱ्या बाजूनं.

ब्राउझर तिसऱ्याच्या दारात जातो म्हणालो, तो रिकाम्या हाताने जात नाही. वाचकाचा आयपी पत्ता जातो, ब्राउझर कुठला आहे ते जातं, वाचक कुठल्या संकेतस्थळावर बसलाय हे जातं, आणि त्या माध्यमाची कुकी आधीपासून ब्राउझरमध्ये असेल आणि ब्राउझरने अडवली नसेल, तर तीही जाते. वाचकाने कशावर बोट ठेवलेलं नसतं. फक्त पान उघडलेलं असतं. एखाद्या दुकानदाराने आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात परका माणूस वही घेऊन बसवावा, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची त्याने नोंद करावी, तसा हा प्रकार. त्या माणसाला दुकानदार पगार देत नाही, म्हणून त्याला वाटतं की आपला याच्याशी काही संबंध नाही.

संबंध आहे की नाही, हा प्रश्न युरोपात न्यायालयापर्यंत गेला. जर्मनीत 'फॅशन आयडी' नावाचं कपड्यांचं ऑनलाइन दुकान होतं. त्यांनी आपल्या संकेतस्थळावर फेसबुकचं 'लाइक' बटण एम्बेड केलं. अख्खं फीड नाही, नुसतं एक बटण. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या ग्राहक संरक्षण संघटनेने दावा लावला, की पान उघडताक्षणी पाहुण्याची माहिती फेसबुककडे जाते, त्याचं फेसबुकवर खातं असो वा नसो, त्याने बटण दाबलेलं असो वा नसो. ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयांतून हे प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पोचलं आणि २९ जुलै २०१९ रोजी निकाल लागला.

हा निकाल आम्ही वाचला तेव्हा न्यायाधीशांच्या विवेकाचं कौतुक वाटलं. विवेक म्हणजे इथे वेगळं करण्याची ताकद. त्यांनी दुकानदाराला सगळं माफ केलं नाही आणि सगळं त्याच्या गळ्यातही मारलं नाही. ते म्हणाले, माहिती गोळा होणं आणि ती फेसबुककडे जाणं, एवढ्या कृतीपुरता दुकानदार फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे. कारण बटण त्याने बसवलं, आणि आपल्या मालाची जाहिरात व्हावी या स्वतःच्या फायद्यासाठी बसवलं. त्याने ते बसवलं नसतं तर ती माहिती तिकडे गेली नसती. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं, त्याची जबाबदारी मात्र दुकानदारावर नाही, कारण ते ठरवणं त्याच्या हातात नाही. म्हणजे पाहुण्याला आधी कल्पना देणं, आणि जिथे संमती लागते तिथे ती घेणं, हे काम दुकानदाराचं. ज्याच्या हाती दार, त्याच्याकडे दारापुरता दोष. कर्तृत्वाची इतकी नेमकी वाटणी आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवली, पण एवढं सोपं उदाहरण आमच्याकडे नव्हतं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. त्यातही जबाबदार कोण याची व्याख्या करताना, माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो एकट्याने किंवा इतरांच्या साथीने ठरवतो तो, असं म्हटलं आहे. 'इतरांच्या साथीने' हे शब्द रोपवाटिकेच्या मालकिणीने नीट वाचावेत असे आहेत. तिने वाचले.

फोटोंच्या मालकीचाही एक वाद आहे. त्यात फार खोल जात नाही. अमेरिकेतल्याच न्यायालयांचं त्यावर एकमत नाही. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटलं, की फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे एवढ्या कारणाने एम्बेड करणारा सुटत नाही. पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने २०२३ साली उलट बाजू उचलून धरली, की ज्याच्याकडे प्रत साठवलेली नाही त्याने फोटो दाखवला असं म्हणता येत नाही. म्हणजे 'माझ्या पानावर आहे, पण माझ्याकडे नाही' हे आमच्या विद्यार्थिनीचं वाक्य तिकडे शब्दाशब्दावरून लढलं जातंय.

आता मूळ प्रश्न. एवढी कटकट आहे तर लोक फीड लावतात कशाला? आमच्या मते याचं कारण शब्दप्रमाणात आहे. नैयायिकांनी चार प्रमाणं मानली, त्यात चौथं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. दुकानदाराने स्वतःच्या मालाची केलेली स्तुती कुणी प्रमाण मानत नाही, शेजारणीने 'तिथलं रोप जगलं हो' म्हटलेलं मात्र मानतात. फीडची सगळी ताकद यात आहे, की ते दुकानदाराने निवडलेलं नाही असं वाचकाला वाटतं. इथे खरा पेच आहे. निवडलं नाही, तर हार घातलेल्या आजी येतात. निवडलं, तर ती साक्ष राहत नाही, जाहिरात होते. बरीच विजेटं आता मालकाला नको त्या नोंदी लपवण्याची सोय देतात, आणि मालक वाईट अभिप्राय लपवून वर 'थेट ग्राहकांकडून' असं लिहून ठेवतात. आम्हाला हे त्या आजींच्या फोटोपेक्षा वाईट वाटतं. तिथे चूक होती, इथे लबाडी आहे.

मग विद्यार्थिनीने काय केलं? पहिल्यांदा खिडकी काढली, त्याच सकाळी. मग त्या घरच्या लोकांना निरोप पाठवून माफी मागितली. त्यांनी तो पट्टा पाहिलेलाही नव्हता, आपण कशाला सांगितलं असं तिला क्षणभर वाटलं म्हणे. मग आठवड्याने ती आणि तिचं संकेतस्थळ करणारा मुलगा, दोघं आमच्याकडे येऊन बसले. मुलगा हुशार आहे, आमच्या शंकांना कंटाळला नाही.

त्याने सांगितलेलं थोडक्यात सांगतो. जोडायचंच असेल तर हॅशटॅगचं जोडू नये, स्वतःच्या खात्याचं जोडावं, म्हणजे आत काय येणार ते आपल्या हातात राहतं. कोड दोन तऱ्हेचा मिळतो. एक आयफ्रेम. ही १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून प्रमाणात असलेली चौकट आहे. तिच्यातला परका कोड सहसा चौकटीतच राहतो, तुमचं बाकीचं पान त्याला वाचता येत नाही. दुसरी स्क्रिप्ट, ती तुमच्या पानाच्या अधिकारात चालते. ग्राहक पत्ता भरतो तो रकानासुद्धा तिला दिसू शकतो. निवड असेल तर आयफ्रेम घ्यावी. चौकटीची उंची आधीच ठरवून द्यावी, नाहीतर फीड उशिरा येतं आणि ग्राहकाच्या बोटाखालचं 'मागणी नोंदवा' बटण खाली सरकतं. आणि फीड पानाच्या तळाशी असेल, तर वाचक तिथवर पोचेपर्यंत ते मागवू नये, अशीही सोय असते.

सगळ्यात आवडलं ते दोन टिचक्यांचं तंत्र. जर्मनीतल्या हाइझ या प्रकाशनसंस्थेने ते २०११ मध्ये काढलं. पानावर आधी नुसतं एक निर्जीव चित्र असतं, ते आपल्याच सर्व्हरवरचं. वाचकाने त्यावर बोट ठेवलं की मगच परका कोड जागा होतो. म्हणजे वहीवाला माणूस दुकानाबाहेर उभा, ग्राहकाने बोलावलं तर आत येणार. त्या चित्राखाली एक ओळ लिहायची, की इथे बोट ठेवल्यास तुमची माहिती अमुक माध्यमाकडे जाईल.

तिने शेवटी तेही केलं नाही. ग्राहकांना एकेकाला निरोप पाठवून फोटो मागितले, वापरायची लेखी परवानगी घेतली, आणि नऊ फोटो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले. प्रत्येकाखाली झाडाचं नाव, गाव आणि रोप नेल्याचा महिना. पट्ट्याचं नाव बदललं : 'आम्ही निवडलेले फोटो'. शेजारी तिच्या खात्याचा साधा दुवा, ज्याला पाहायचं त्याने तिकडे जावं. नवा फोटो घालायचा तर तिला हाताने घालावा लागतो, दर महिन्याला अर्धा तास जातो, आणि पावसाळ्यात तो मिळत नाही अशी तिची तक्रार आहे. दोघांनी परवानगी नाकारली. एका बाईंनी दिली, पण फाटकावरचं घराचं नाव दिसतंय तेवढं झाकून टाका म्हणाल्या. ते झाकलं. आणि नऊपैकी एक फोटो वाळलेल्या मोगऱ्याचा आहे, खाली लिहिलंय, 'लोणी काळभोर, एप्रिलमध्ये नेला, जगला नाही, दुसरा बदलून दिला.'

इथे थांबतो आम्ही. प्रश्न असतील तर घेऊ.