डबा लहान, वाट मोठी

घरातली मोठी खरेदी कधी करायची, याचं आपलं एक शास्त्र ठरलेलं असतं. वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरायचं, कारण पुढे दर चढतो. सोनं जमेल तेव्हा ग्रॅम-दोन ग्रॅम घेऊन ठेवायचं, कारण ते महागच होत जाणार. आणि टीव्ही, मोबाइल, कॉम्प्युटर? ते मात्र थांबून घ्यायचे. ‘दिवाळीत ऑफर येईल’, ‘नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडेल’, हे तर आता सातवीतला मुलगाही सांगतो. बरीच वर्षं हे शास्त्र खरंही ठरलं. थांबणाऱ्याला त्याच पैशात जास्त चांगली वस्तू मिळत गेली.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मात्र या शास्त्राला धक्का बसला. कॉम्प्युटरच्या आत जी रॅम नावाची पट्टी असते, तिचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. अमेरिकेतल्या काही दुकानांनी तर रॅमवरची छापील किंमत काढून ‘आजचा भाव विचारा’ असं सुरू केलं, अगदी सराफाच्या दुकानासारखं. कॉम्प्युटरच सोन्यासारखा वागायला लागला तर थांबायचं की घ्यायचं? ज्या घरांत शिकवणीसाठी, शिवणकामाच्या हिशेबांसाठी, डीटीपीसाठी किंवा लेकीच्या कॉलेजसाठी एखादा छोटा कॉम्प्युटर घ्यायचं घाटतंय, तिथे हा प्रश्न अगदी खरा आहे.

या ‘छोट्या कॉम्प्युटर’ची आधी ओळख करून घेऊ. पूर्वी डेस्कटॉप म्हटला की टेबलाखाली ठेवायचा तो मोठा, घुमणारा खोका डोळ्यांसमोर यायचा. आता तेच काम डब्याएवढ्या पेटीत होतं. यातली सगळ्यांत नावाजलेली पेटी म्हणजे ॲपल कंपनीची ‘मॅक मिनी’. ती पहिल्यांदा आली २००५ च्या जानेवारीत. अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलर, म्हणजे ॲपलच्या मानाने स्वस्त, कारण सोबत पडदा, कीबोर्ड, माउस काहीच नव्हतं. ते घरातलं जुनंच जोडायचं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली मिनी तर लांबी-रुंदीला जेमतेम १३ सेंटिमीटर आणि उंचीला ५ सेंटिमीटर. मसाल्याच्या डब्यापेक्षाही छोटी! काही काम चालू नसताना ती साधारण ४ वॅट वीज घेते, म्हणजे एखाद्या लहान एलईडी दिव्याइतकी. इतर कंपन्याही विंडोजवर चालणाऱ्या अशा पेट्या करतात, त्यांना ‘मिनी पीसी’ म्हणतात. लहान घरात, जिथे जेवणाचं टेबल हेच अभ्यासाचं आणि कामाचं टेबल असतं, तिथे ही पेटी फार सोयीची.

आता वाट बघण्याबद्दल. या मिनीची वाट बघण्याचा इतिहास मोठा बोलका आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एक मॉडेल आलं आणि त्यानंतर नवं आलं ते थेट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. मधली चार वर्षं लोक ‘या दिवाळीला येईल, पुढच्या दिवाळीला येईल’ म्हणत बसले होते. चार वर्षांनी ते आलं, कामात खूप वेगवान होतं हेही खरं, पण सुरुवातीची किंमत ४९९ डॉलरवरून ७९९ वर गेलेली! मुलगी आठवीतून बारावीत जाते तेवढा हा काळ.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ च्या जानेवारीत आलेली मिनी आपल्याकडे ५९,९०० रुपयांपासून होती आणि तिच्यात रॅम होती ८ जीबी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुढची आली, किंमत तीच ५९,९००, आणि रॅम मात्र १६ जीबी. जे थांबले होते त्यांचा चांगलाच फायदा झाला. म्हणजे थांबणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, हे नुसत्या अनुभवावरून ठरत नाही. बाजार कोणत्या दिशेला चाललाय ते बघावं लागतं.

मग बाजाराला झालंय काय? यासाठी दुधाचं उदाहरण घेऊ. सणासुदीला गावातलं दूध मिठाईवाल्यांकडे वळतं. एक किलो खव्याला कितीतरी लिटर दूध आटवावं लागतं. म्हशी तेवढ्याच, दूध तेवढंच, पण खव्याला भाव जास्त, म्हणून आपल्या दारात येणारं दूध कमी होतं आणि महागही होतं. मेमरी चिपचं नेमकं असंच झालं. कृत्रिम बुद्धिमत्ता, ज्याला सगळे ‘एआय’ म्हणतात, ती चालवायला प्रचंड मोठी डेटा सेंटर्स उभी राहताहेत. त्यांना एका खास प्रकारची, फार वेगवान मेमरी लागते. ती बनवायला साध्या रॅमच्या मानाने जवळपास तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. म्हणजे हा झाला खवा! आणि जगात ही मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीनच: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. त्यांनी आपला माल जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशिअल’ या नावाने सामान्य गिऱ्हाइकांना रॅम विकण्याचा आपला जुना धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात, शाळा-कॉलेजांतल्या मुलांचा लाडका, स्वस्त म्हणून ओळखला जाणारा ‘रास्पबेरी पाय’ हा इवलासा कॉम्प्युटरही महागला.

त्यात आपल्याकडे रुपयाची भर. याच डिसेंबरमध्ये एका डॉलरला नव्वदहून जास्त रुपये मोजायची वेळ आली. चिप बाहेरून येणार, तिचे पैसे डॉलरमध्ये जाणार, म्हणजे तिकडे भाव तोच राहिला तरी इकडे वाढणार. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तिथे चिपची जुळणी आणि तपासणी होते, मूळ सिलिकॉन बाहेरूनच येतं. आणि मेमरीचा नवा कारखाना म्हणजे काही पिठाची गिरणी नव्हे. तो उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षं जातात. त्यामुळे ‘दोन महिने थांबू, उतरेल भाव’ हा हिशेब अशा दिवसांत भरवशाचा नाही. उलट, पुढचं मॉडेल त्याच किमतीत जास्त रॅम घेऊन येईल, ही आशाच अशा वेळी सगळ्यांत कच्ची असते.

म्हणून काय उद्याच उठून दुकान गाठायचं? मुळीच नाही. ‘महागणार आहे, घेऊन टाका’ हे सांगणारा दुकानदार नेहमी आपलाच विचार करत असतो असं नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. मला याची गरज कशासाठी आणि किती आहे?

इथे जरा मनातलं बोलू या. आपल्याकडे घरच्या बाईच्या वस्तूला थांबायची सवय फार. मुलाची गाडी थांबत नाही, कारण कॉलेज लांब आहे. इन्व्हर्टर थांबत नाही, कारण उन्हाळा तोंडावर आहे. आईच्या कामाचा कॉम्प्युटर मात्र ‘नवीन मॉडेल येतंय म्हणे, तेव्हा बघू’ यावर चार वर्षं सहज थांबतो. दोन हजार सालानंतर तालुक्या-तालुक्याच्या गावांत कितीतरी जणी एमएस-सीआयटी शिकल्या. सर्टिफिकेट कपाटात आहे, घरात कॉम्प्युटर नाही, आणि असला तर त्यावर गेम चालू आहे. मग नव्या मॉडेलचं निमित्त हे पुष्कळदा फक्त निमित्त असतं. ते आपणही पुढे करतो, कारण स्वतःसाठी पन्नास-साठ हजार मागणं जिवावर येतं.

तेव्हा कागद-पेन घ्या आणि न घेण्याचा खर्च मांडा. समजा, एक शिक्षिका घरी शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला, नोट्सच्या प्रिंट काढायला ती बाहेर महिन्याला बाराशे रुपये देते. दहा महिने थांबली तर बारा हजार गेले. शिवाय दुकानात रांगेत उभं राहण्यात गेलेल्या संध्याकाळी वेगळ्या. जर थांबून दोन-तीन हजारांची सूट मिळणार असेल, तर हा सौदा तोट्याचाच की! याउलट घरचा कॉम्प्युटर ठीक चालतोय, फक्त शेजारणीकडे नवा आला म्हणून मन चलबिचल झालंय, तर खुशाल थांबावं. महागाईच्या दिवसांत न घेतलेली वस्तू ही सगळ्यांत मोठी बचत.

मधला मार्गही आहे. जुना कॉम्प्युटर फार हळू चालत असेल आणि त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवून घेतली की त्याला पुष्कळदा नवं आयुष्य मिळतं. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत असेल तर तेवढ्यासाठी नवा घ्यायची गरज नाही. चालत नसेल, तर त्यावर बँकेचे आणि पैशांचे व्यवहार करत राहू नका. नुसतं टायपिंग आणि इंटरनेट एवढंच काम असेल, तर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली माहितगार माणसाकडून टाकून घेता येते.

आणि घ्यायचंच ठरलं, तर या काही गोष्टी आठवणीने विचारा.

पहिली, रॅम. मॅक मिनीची रॅम आतच पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या. इतर कंपन्यांच्या अनेक मिनी पीसींत पट्टी बदलता येते, पण सगळ्यांत नाही. ‘नंतर वाढवता येईल का?’ हे विचारून बिलावर लिहून घ्या. जागेची, म्हणजे फोटो आणि फाइली साठवण्याची चिंता त्या मानाने कमी. ती बाहेरून डिस्क जोडूनही भागते.

दुसरी, सॉफ्टवेअर. टॅलीसारखं काम करायचं असेल तर विंडोजच लागेल. मराठी डीटीपी करत असाल, तर तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट त्या मशीनवर चालतात का, ते आधी दुकानात चालवून बघा. साडीचा पदर उलगडून बघतो, तसंच.

तिसरी, बाकीचा खर्च. पेटीसोबत पडदा, कीबोर्ड, माउस येतोच असं नाही. जुन्या टीव्हीला एचडीएमआयची खाच असेल तर पडद्याचे पैसे वाचतात. या पेट्यांना लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. लाइट गेली की लिहिलेलं गेलं! म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टरचं कनेक्शन हवंच.

चौथी, सवलत. विद्यार्थी आणि शिक्षकांना काही कंपन्या वेगळा दर देतात. २०२४ ची मिनी त्यांच्यासाठी ४९,९०० रुपयांना होती, म्हणजे सरळ दहा हजारांचा फरक. घरात कॉलेजला जाणारी लेक असेल तर आधी हेच विचारा.

पाचवी, बिल. ते पक्कं घ्या आणि आपल्या नावावर घ्या. तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल, तर कॉम्प्युटरवरच्या १८ टक्के कराचा परतावा नियमाप्रमाणे हिशेबात घेता येतो. नोंदलेला नसला, तरी नावावर बिल असलं की ही वस्तू ‘मुलाचा कॉम्प्युटर’ होत नाही, तो तुमच्या कामाचा राहतो.

एक करून बघा. आज घ्यायची ऐपत नसेल, तर ‘बघू कधीतरी’ म्हणू नका. कॅलेंडरवर एक तारीख टाका. भिशी लागण्याची असेल, शिकवणीची फी जमा होण्याची असेल किंवा बचत गटाचं कर्ज फिटण्याची. त्या दिवशी बाजारात जे मॉडेल असेल, त्यात आपल्या कामाला पुरेल ते घ्यायचं. कंपनीची तारीख कंपनी बघून घेईल. घरातल्यांनी विचारलंच, ‘नवीन येईपर्यंत थांबायचं नाही का?’, तर शांतपणे हिशेबाचा तो कागद पुढे ठेवायचा आणि चहा टाकायला त्यांनाच सांगायचं.